सिनेमातला वाल्मिक

आमच्या भिसेगावच्या वाल्मिकने जन्मात एक फोटो काढून घेतला नाही. पण पोशीरच्या माळावर एका जुन्या सेनापतीच्या सिनेमाचं शूटिंग आलं, तेव्हा लढाईच्या गर्दीसाठी त्याला नि मला बोलावणं आलं. त्या दिवसापासून मी त्याला 'सरदार' म्हणून छळायचो आणि तोही मिशीला पीळ द्यायचा.

त्याच पावसाळ्यात उल्हास नदीच्या पुरात तो वाहून गेला. देह काही सापडला नाही.

आता वर्षाने खोपोलीच्या टॉकीजवर त्या सिनेमाचं पोस्टर लागलं. वाल्मिकची बायको सुंदरा रोज कुंपणाशी येऊन विचारायची, "भावजी, कधी लागतोय वो?"

"वहिनी, सेनापतीला तरी एवढी घाई असंल का?"

काल तिने ठेवणीतलं पातळ उन्हात घातलं, तेव्हा मात्र मला राहवेना. म्हटलं, "वहिनी, तो चालता-बोलता दिसायचा नाय. मरून पडलेलाच हाय, तोंड वर करून."

ती पातळ झटकत राहिली.

"जितेपणीचं तोंड डोळ्यांत हाय माज्या. गेल्यावरचंच बघाया मिळालं नाय. नीट दिसंल नव्हं?"

"दोनदा दिसंल. माणसं कमी होती, म्हणून सकाळी सेनापतीचा शिपाई होऊन मेला आणि दुपारी पागोटं बदलून शत्रूचा."

एरवी हे सांगताना मी पोट धरून हसतो.

"मंग पयल्या बारीला रडून घेते," सुंदरा म्हणाली. "दुसऱ्या बारीला नीट बघीन."