पापणीवरची चमकी

आमच्या नाटकमंडळीतलं कुणी भेटलं, की चहा यायच्या आत एक जण तरी म्हणतोच, "ती कुवेतची डबी आठवते का?" झालं! मग जो तो आपापलं मध्ये घुसडतो. किस्से असेच साठत जातात. त्या डबीतल्या चमकीचंही असंच होतं. तोंड धुतलं, पुसलं, आता संपलं म्हणावं, तर दुसऱ्या दिवशी कानामागं एक कण सापडायचाच. मला एका जागी बसून सलग सांगता येत नाही हे आधीच कबूल करते. मध्येच उठले तर समजून घ्या.

सत्तरच्या दशकातली हिंगोली. अजून जिल्हा झाला नव्हता, तालुकाच होता. मी मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायचे, म्हणून रंगपेटी माझ्या गळ्यात पडली. जिला मांजर काढता येतं तिला नटीचं तोंडही रंगवता येणार, असा वसंतरावांचा हिशेब. वसंतराव म्हणजे आमचे दिग्दर्शक. पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर होते. दिवसा सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर ओरडायचे, संध्याकाळी आमच्यावर. चाळिशी उलटली तरी नायकाचं काम त्यांनी कुणाला दिलं नाही. नायिका कमल, माझ्याच शाळेत तिसरीचा वर्ग घ्यायची. खलनायक रामसिंग राठोड, जवळच्या तांड्यावरचा, बस कंडक्टर. आणि गफूरभाई पेट्रोमॅक्सच्या बत्त्या भाड्यानं द्यायचे. विजेचा भरवसा नव्हता, त्यामुळं गफूरभाई नाहीत तर नाटक नाही.

* * *

डबी आणली गफूरभाईंनीच. त्यांचा मेहुणा कुवेतला होता. जाड काचेची, सोनेरी झाकणाची, एवढीशी डबी. वर सगळा मजकूर अरबीत. आम्ही सगळ्यांनी गफूरभाईंकडं पाहिलं.

"वाचता येतं," ते म्हणाले, "पण समजत न्हाई."

ती डबी तालमीच्या खोलीत कोनाड्यात राहिली. वसंतरावांचं डोकं कायम दुखायचं. बाम समजून त्यांनी बोटभर क्रीम कपाळावर चोळलं, डोळे मिटून जरा पडले आणि तसेच उठून वरिष्ठ साहेबांच्या मीटिंगला गेले. मीटिंग उन्हाच्या खिडकीजवळ. साहेब म्हणे बराच वेळ नुसते बघत राहिले.

शेवटी म्हणाले, "वसंतराव, उपासतापास सुरू केलेत का? कपाळावर तेज आलंय."

डबी पापणीला लावायच्या चमकीची आहे ते त्या दिवशी आम्हाला कळलं.

* * *

मग प्रश्न आला की रंग कोणता. सरळ प्रश्न, पण दोन संध्याकाळी त्यात गेल्या. सावलीत ते क्रीम चुलीतल्या राखेसारखं दिसायचं. कंदिलाजवळ नेलं की गुलाबी, कांद्याच्या आतल्या पापुद्र्याचा असतो तसा. पेट्रोमॅक्ससमोर तर रंगच उरायचा नाही, फक्त उजेड. वसंतराव म्हणाले चंदेरी, मी म्हणाले गुलाबी. कमल पापणीवर लावून आरशासमोर एकेक डोळा मिटत बसली होती.

रामसिंगनं वाकून पाहिलं. म्हणाला, "माझ्या याडीच्या ओढणीवर याच्याहून जास्त चमक हाय. अन् ती घामानं वितळत न्हाई." याडी म्हणजे आई. आम्ही त्याला गप्प केलं. पण त्याचं खरं निघालं.

* * *

डोंगरकड्याला जत्रेत प्रयोग लागला तो चैत्रात. असा उन्हाळा की दुपारी डबी उघडली तर आत क्रीम नाही, तेल! एरवी त्याचा पोत लोण्यासारखा. बोटावर घेतलं की बोटाच्या उबेनं मऊ पडायचं, पापणीवर सहज पसरायचं आणि मग घट्ट बसायचं. त्या दिवशी बसेना. लावलं की घडीत गोळा व्हायचं आणि पापणीवर पांढरी रेघ उमटायची. मी पुसून परत लावायची, ते परत घडीत.

कुणीतरी सुचवलं, डबी थंड करा. मी ती माठाच्या तोंडावर ओल्या फडक्यात ठेवली. झाकण सैल होतं. पुढं काय झालं ते मला पहिल्या अंकात समजलं, रामसिंग सावकार होऊन मिशीला ताव देत स्टेजवर गेला तेव्हा. मिशी लखलखत होती. माठातलं पाणी सगळ्यांनीच प्यायलं होतं, पण मिशी त्याच्या एकट्यालाच होती.

मागून एक गडी म्हणाला, "सावकार चांदी खाऊन आला वाटतं!"

लोकांना वाटलं ते नाटकातलंच आहे. पुढच्या प्रयोगाला वसंतरावांनी ते वाक्य खरंच घातलं.

* * *

ती चमकी टिकायची किती, याचा मात्र फार त्रास. खोबरेल लावा, साबण लावा, थोडी उरायचीच. शाळेत मोठ्या बाईंनी एकदा कमलला हाक मारून विचारलं, "डोळ्याला काय झालंय?" ती म्हणाली, खडूची धूळ आहे. दुसऱ्या दिवशी तिसरीच्या सगळ्या पोरी पापणीला खडू फासून हजर.

मी कमलला बोलले, घरी नीट पुसून जात जा. दादा काय म्हणतील?

"दादाला दिसत कुठं हाय, ताई," ती म्हणाली आणि पट्टीनं टेबलावर टकटक करत राहिली.

दादा म्हणजे तिचे वडील. तरुणपणी जलशात ढोलकी वाजवत गावोगाव फिरलेला माणूस. लेकराला शाळेत घाला, असं गाऊन सांगायचे. स्वतःच्या लेकीला शिकवून मास्तरीण केलं. एक डोळा लहानपणी देवीच्या साथीत गेलेला. राहिलेल्या डोळ्यावर मोतीबिंदू आला होता आणि तो चांगलाच पिकला होता. माणूस आला की नुसती सावली हलायची, एवढंच दिसे. दर हिवाळ्यात गावात डोळ्यांच्या ऑपरेशनचा कॅम्प लागायचा. कमल दरवेळी त्यांचं नाव नोंदवायची आणि दादा त्या दिवशी कुठं तरी निघून जायचे. शिव्या नाहीत, भांडण नाही, गायब. संध्याकाळी घरी यायचे आणि एकच बोलायचे, "एकच हाय माय. तो बी गेला तर? अन् काय बघायचं राहिलं आता?"

कमल मग तालमीला यायची आणि एका जागी उभी राहायची नाही. वसंतराव ओरडायचे, नायिका आहे का भोवरा! मला कळायचं काय चाललंय ते. दादांनी तिचं एकही नाटक पाहिलं नव्हतं. आंधळ्यानं नाटकाला काहून जावं, म्हणायचे. आता डोळ्यातला उरलासुरला उजेडही दिवसेंदिवस कमी होत होता आणि ते तिच्यानं बघवत नव्हतं.

* * *

शिरड शहापूरला झालं ते अजून माझी बहीण तोंडावर पदर घेऊन सांगते. नाटकाच्या शेवटी नायिका मरते. वसंतरावांच्या मांडीवर डोकं ठेवून कमलनं डोळे मिटले. समोर गफूरभाईंचा नवा मँटल, म्हणजे जाळी, लावलेला पेट्रोमॅक्स. पापण्यांवर भरपूर चमकी. वसंतरावांनी हंबरडा फोडला. एरवी इथं बायका डोळे पुसतात. त्या दिवशी कुणी पुसेना. सगळे माना पुढं काढून बघायला लागले.

पुढच्या रांगेतली एक म्हातारी शेवटी न राहवून बोलली, "काहून रडून राहिला रे बाबा? जिती हाय की ती. टकामका बघून राहिली."

मिटलेल्या पापण्या लांबून उघड्या डोळ्यांसारख्या चमकत होत्या! वसंतराव चुकले, रडायचे थांबले, परत रडले. आणि कमलला हसू आवरेना. डोळे मिटलेलेच, पण अंग गदगद हलायला लागलं.

म्हातारी शेजारणीला म्हणाली, "बघ, म्हनलं न्हाई?"

त्या दिवसापासून वसंतरावांचा नियम झाला की मेलेल्या माणसाला चमकी नाही. शेवटच्या प्रवेशाआधी मी विंगेत पावडर घेऊन उभी राहायची आणि कमलच्या पापण्यांवर थापून चमक मारून टाकायची.

* * *

आता शेवटचं सांगते. जरा पाणी पिते आधी.

हंगामातला शेवटचा प्रयोग हिंगोलीतच होता, शाळेच्या पटांगणावर. गफूरभाईंची आणि दादांची जुनी दोस्ती. जलशाच्या काळात बत्ती यांची आणि ढोलकी त्यांची. त्या दिवशी गफूरभाई कुणाला न सांगता दादांना हाताला धरून घेऊन आले. म्हणाले, कानानं बघ, तकलीफ काय हाय त्यात? पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसवलं.

कमलनं पडद्याच्या फटीतून त्यांना पाहिलं. मी डोळे रंगवत होते, तर ती मान स्थिर ठेवेना. पुन्हा उठायची, पुन्हा फटीला डोळा लावायची. नाटक सुरू झालं. दादा आवाजाच्या दिशेनं मान फिरवत होते, पण नेहमी उशिरा. कमल डावीकडून बोलायची, त्यांची मान डावीकडं येईपर्यंत ती उजवीकडं गेलेली असायची. पहिला अंक तसाच गेला, दुसराही तसाच. मला विंगेत उभं राहवेना आणि बसवेना. अरे, एकदा तरी गाठ पडू दे दोघांची, असं झालं होतं.

दुसऱ्या अंकानंतर ती माझ्यासमोर येऊन बसली. "ताई, डबी द्या."

डबीत होतंच काय! कडेला चिकटलेलं तेवढं. तिनं केसातला आकडा काढला, काच खरवडली, बोटावर घेऊन बोट तळहातात धरून गरम केलं आणि पार भुवईपर्यंत लावलं. एका डोळ्याचं झालं, मग दुसऱ्याचं. त्या रात्री पहिल्यांदा ती स्थिर बसलेली मी पाहिली.

"अगं, आता मरायचा प्रवेश आहे. मला पावडर थापावी लागेल."

"आज पावडर न्हाई."

"वसंतराव मला जितं सोडायचे नाहीत."

"मग दोघी मरू," ती म्हणाली आणि गेली.

प्रवेश आला. तिनं वसंतरावांच्या मांडीवर डोकं टेकलं, तोंड सरळ समोरच्या बत्तीकडं वळवलं आणि डोळे मिटले. वसंतरावांनी खाली पाहिलं नि त्यांचा चेहराच उतरला. रडता रडता ते तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडं फिरवायला लागले. प्रेत मान पुन्हा लोकांकडं फिरवायचं. त्यांनी परत ओढली, तिनं परत फिरवली. लोक हसायला लागले. कुणीतरी शिटी मारली. शोकांतिकेचं पार वाटोळं झालं.

मी दादांकडं बघत होते. त्यांची मान थांबली होती. ते खुर्चीवर पुढं सरकले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि तोंड बरोबर कमलच्या समोर. पडदा पडेपर्यंत ते हलले नाहीत.

आत वसंतरावांचा आवाज टिपेला गेला होता. नाटकाचा तमाशा केलास, परत माझ्या स्टेजवर पाय ठेवायचा नाही, वगैरे. तेवढ्यात गफूरभाई दादांना हाताला धरून आत घेऊन आले आणि वसंतराव गप्प झाले. कमल उठून उभी राहिली. खाली मान घालून, पायाच्या अंगठ्यानं सतरंजी उकरत.

दादांनी हात पुढं केला, चाचपत तिच्या डोक्यावर ठेवला.

"सगळ्या नाटकात तू कुठं व्हतीस ते काही कळलं न्हाई माय," ते म्हणाले. "मेल्यावर तेवढी दिसलीस."

दादांनी खांद्यावरच्या उपरण्यानं नाक पुसलं.

"जितेपणीचं बघायचं राहिलं की माझं. कॅम्प कवा हाय?"