गोल पुसलेल्या काचा

आधीच सांगून टाकते, नाहीतर मला धीर निघणार नाही: माझी सेल काळी झाली. पूर्ण काळी. आता पहिल्यापासून.

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला मी लिक्विड क्रिस्टल घेतलं होतं. तेच, जे कॅल्क्युलेटरच्या, टीव्हीच्या स्क्रीनमध्ये असतं. वाहतं पाण्यासारखं, पण आतले लांबुळके रेणू एकमेकांचं बघून एकाच दिशेला झोपतात. कुठल्या दिशेला, ते काच ठरवते. काचेवर पॉलिमरचा पातळ थर द्यायचा, सुकवायचा, मग त्यावरून मखमलीचा कपडा एकाच दिशेने ओढायचा. बस. काचेला टेकलेले रेणू त्या दिशेला लागतात आणि बाकीचे त्यांच्या मागोमाग. अशा दोन काचा समोरासमोर चिकटवायच्या, मधल्या फटीत एक थेंब सोडला की झाली सेल. ती एक उभा, एक आडवा अशा दोन पोलरॉइडमध्ये, म्हणजे एकाच दिशेचा प्रकाश सोडणाऱ्या फिल्ममध्ये, धरून फिरवली की आख्खी काळी होते, मग आख्खी उजळते, परत काळी. मला तर हे नुसतं वाचूनच वेड लागलं होतं.

आणि माझ्या अकरा सेल डागाळलेल्या निघाल्या. कुठे धागे, कुठे ढग, कितीही फिरवा. माझ्या गाईड मॅडम म्हणाल्या, "शुक्रवारी एक तरी एकसारखी काळी दाखव. नाही जमलं तर विषय बदलू, लायब्ररीत बसून होईल असं काहीतरी देते." मला लायब्ररीत बसायचं नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी भाईंदरच्या इंद्रलोक भागात, घरी ओट्यावर साध्या काचेवर प्रॅक्टिस करत होते. पप्पा कामावरून आले, आंघोळ करून बाहेर आले. भाईंदर पूर्वेच्या एका गाळ्यात ते बफिंग करतात, म्हणजे स्टीलची भांडी फिरत्या चाकावर धरून चकाचक करायची.

"काय गो, कधीची एकच काच घासतेस?"

मी सगळं सांगितलं, भरभर, हात हलवत. त्यांनी अर्धंच ऐकलं. "करून दाखव."

मी कपडा एका दिशेने ओढला, उचलला, परत तिथूनच ओढला. वीस वेळा. मग मखमलीचा तंतू राहिला असेल म्हणून रुमालाने काच गोल गोल पुसली आणि त्यांच्यापुढे धरली.

"हे शेवटी काय केलंस?"

"पुसली. तुम्हीच सांगता ना, पॉलिश झाल्यावर पुसल्याशिवाय हातातून सोडायचं नाही."

"अगो, ते ताटाला. ताटावर रेघ दिसता कामा नये म्हणून गोल पुसतो. तुला रेघ पाहिजे ना? मग तूच मारतेस आणि तूच मोडतेस."

मम्मी कुकर लावता लावता म्हणाली, "आणि हिला म्हणे कॉलेजात शिकवतात."

आमच्याकडे चहाचा ग्लाससुद्धा गोल पुसूनच मांडणीत जातो. अकरा सेलच्या सगळ्या काचा मी तशाच पुसल्या होत्या, आणि वहीत ती पायरी लिहिलीच नव्हती. पुसणं काय लिहायचं?

गुरुवारी लॅबमध्ये नवीन काचा घासल्या. धूळ रबरी फुग्याच्या हवेने उडवली, बोटसुद्धा लावलं नाही. शुक्रवारी बारावी सेल मायक्रोस्कोपखाली ठेवून मॅडमना बोलावलं. मी आधी बघितलीच नाही असं त्यांना सांगितलं. चार वेळा बघितली होती.

मॅडमनी हळूहळू फिरवली. काळी. उजळ. काळी. कडा बघितल्या. कडाही काळ्या.

"काय बदललंस?"

सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "वहीत लिही, पुसत होतीस म्हणून."

"मॅडम, लाज वाटते."

"लिही. हीच तुझ्या प्रोजेक्टची पहिली कामाची नोंद आहे." आणि माझ्या विषयाच्या फॉर्मवर तिथेच उभ्याउभ्या सही केली.

मी बाहेर पळत जाऊन पप्पांना फोन लावला. मागे चाकाचा आवाज, म्हणून ओरडूनच सांगितलं, काळी झाली, आख्खी काळी, सही पण झाली.

"बरं झालं," ते म्हणाले. "आमच्यात काळं राहिलं की शेठ शिव्या घालतो, तुमच्यात सही देतात. ठेव आता, हातात टोप आहे."

मी ठेवला आणि आत जाऊन ती परत फिरवून बघितली.