अब्बांच्या मेंदूतली तार

अब्बा देवगडच्या बंदरात होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे. आधी त्यांचा उजवा हात थरथरू लागला, मग चार वर्षांत सगळं अंगच आखडलं. नमाजेत सजद्याला कपाळ जमिनीवर टेकलं की त्यांना उठवायला मला धावावं लागे. शेवटी गोव्याच्या डॉक्टरांनी सुचवलं, मेंदूत बारीक तार घालून छातीत बॅटरी बसवू, तिच्या करंटने थरथर थांबेल.

अब्बा अडून बसले. "उद्या नमाज मी पढतलंय काय मशीन?"

मी मशिदीतल्या मौलानांना घरी बोलावलं. ते म्हणाले, "चाचा, इलाज करणं जायज आहे, धर्माची मनाई नाही. फक्त फायद्यापेक्षा धोका मोठा नको. आणि होकार तुमचा स्वतःचा हवा."

अब्बांनी होकार दिला. ऑपरेशननंतर हाताची थरथर खरंच थांबली. पहिल्या दिवशी त्यांनी स्वतः चहाचा कप उचलला, तेव्हा अम्मी पदर तोंडाला लावून रडली.

पण महिन्याभरात अब्बा बदलले. झोप उडाली. शेजारच्या मयतीत ते मोठ्याने हसले. आयुष्यात कधी आवाज न चढवलेला माणूस अम्मीला नको नको ते बोलू लागला. नमाज सोडली. डॉक्टर म्हणाले, "करंट कमी केला तर हे थांबेल, पण थरथर परत येईल."

मी मौलानांकडे गेले आणि तिथेच रडले. "होकार त्यांचाच हवा म्हणालात ना? मग आता कुठल्या अब्बांना विचारू?"

त्यांनी धर्माचा निवाडा देणाऱ्या एका जाणत्या मुफ्तींना फोन लावून विचारलं. मग म्हणाले, "अक्कल ठिकाणावर नसताना सुटलेल्या नमाजेचा गुन्हा त्यांच्यावर नाही. पण अक्कल सांभाळणं हा आपल्या दीनचा, धर्माचाच भाग आहे. आधी करंट कमी करून घ्या. ते भानावर आले की त्यांनाच विचारा."

करंट कमी केला. तिसऱ्या दिवशी हात पुन्हा थरथरू लागला आणि अब्बा परत आले.

"अब्बा, परत वाढवूया?"

"नको गो. तुझ्या आयेक काय काय बोललंय, ता सगळा माका आठवता."

आता मी त्यांना भरवते. काल नमाजेआधी वजूला हातपाय धुताना ते पडले, कपाळाला पाच टाके पडले. रात्रंदिवस वाटतं, डॉक्टरांना फोन करून करंट वाढवायला सांगावं, अब्बांना न विचारताच. अजून फोन केलेला नाही. उद्याचं माहीत नाही.