यादीतला तिसरा स्विच

भुताखेतांचा विषय निघाला की चहाचा कप घेऊन उठून जाणारा मी माणूस. सगळी नोकरी कॉम्प्युटरमध्ये गेली. मशीन जे दाखवतं त्याला कारण असतंच, असं मी नव्या पोरांना शिकवत आलो. म्हणून हे लिहायला इतकी वर्षं लागली… दुसरं कारण लाजेचं आहे, ते पुढे येईल.

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन बराच काळ झाला होता. मी भंडाऱ्यात एका ट्रस्टच्या रुग्णालयात कॉम्प्युटर विभाग सांभाळायचो. रुग्णांचे सीटी स्कॅन, एक्स-रे डिस्कच्या एका मोठ्या कपाटात साठायचे. सर्व्हर आणि कपाट यांना केबलींनी जोडणारं मधलं यंत्र म्हणजे स्विच. कोणत्या सर्व्हरला कपाटातलं काय दिसावं, यासाठी स्विचवर पोर्टचे, म्हणजे केबल लावायच्या खाचांचे, गट बांधावे लागतात — आम्ही त्यांना झोन म्हणायचो.

हे काम सुखदेवचं. नाकाडोंगरीचा, कंत्राटावरचा इंजिनिअर, माझ्या मुलाच्या वयाचा. झोनना तो एसटीच्या थांब्यांची नावं द्यायचा, गावाहून येताना लागतात त्याच क्रमाने — नाकाडोंगरी, गोबरवाही, तुमसर, मोहाडी, वरठी, भंडारा. मी रागावलो की म्हणायचा, "काका, तुमचे आकडे तुमालेच याद राह्यत नाही. माही बस तं कोणीबी विसरत नाही."

नव्या इमारतीत दुसरा स्विच आला. दोन्ही एकमेकांना जोडायचे होते. सुखदेव म्हणाला, "आताच जोडू नका बरं. दोघायचा नंबर एकच हाय, भांडतीन. मी जेवून येतो, मंग बदलवतो."

मला धीर निघाला नाही. वर साहेबांना 'झालं' म्हणायची घाई. केबल लावली. दोघांचाही क्रमांक एक, झोनही एकमेकांशी न जुळणारे — स्विच एकमेकांना घेईनात. म्हटलं, नव्यावरचे झोन पुसून टाकू. स्क्रीनवर दोन्ही स्विचच्या खिडक्या उघड्या होत्या… मी पुसले ते जुन्यावरचे.

त्या क्षणी सगळे स्कॅन दिसेनासे झाले. ऑपरेशन थिएटरमध्ये एक बाई टेबलावर होती, आणि डॉक्टरांसमोरचा स्क्रीन कोरा. बाई वाचली. चौकशीत मी एवढंच म्हणालो, "झोनचं काम सुखदेव बघतो."

त्याला काढलं. पुढे कुठेच घेतलं नाही. काही महिन्यांनी तो काविळीने गेल्याचं कळलं. मी नाकाडोंगरीला गेलो नाही.

त्यानंतर दोन्ही स्विचना मी नवे क्रमांक दिले, दोन आणि तीन. झोनना साधे आकडे. 'एक' हा क्रमांक कुणाचाच राहिला नाही.

एका दुपारी नागपूरहून देखभालीसाठी एक इंजिनिअर मॅडम आल्या. स्क्रीनवर जोडलेल्या स्विचची यादी बघता बघता म्हणाल्या, "सर, तिसरा स्विच कुठे ठेवला?"

"तिसरा नाहीच. दोनच आहेत."

"मग हा कोण?"

यादीत क्रमांक एक होता. त्याच्यावर एकच झोन — नाकाडोंगरी.

जुनं काहीतरी राहिलं असेल, असं मी म्हणालो. मॅडमनी यादी पुन्हा मागवली. खाली गोबरवाही आलं. पुन्हा मागवली — तुमसर.

"सर, तुम्ही दुसऱ्या मशीनवरून टाकून राहिले का?"

माझे दोन्ही हात मांडीवर होते.

मी उठून दोन स्विचमधली केबल उपटली. तरी क्रमांक एक जागेवरच. मोहाडी. केबलचं टोक माझ्या हातातच होतं. वरठी.

"बंद करा मॅडम!"

"मी काहीच दाबून नाही राहिले सर… आपोआप येऊन राहिलं."

भंडारा.

आणि समोरच्या स्विचवरच्या शेवटच्या पोर्टचा हिरवा दिवा लागला. त्या पोर्टला केबल नव्हती. रबरी टोपण तसंच बसलेलं होतं. दिवा लुकलुकायला लागला, समोरून कोणी बोलू लागल्यावर लुकलुकतो तसा. मॅडमनी माझी बाही धरली. माझ्या मागे कोणीतरी उभं आहे, असं मला अगदी मानेवर जाणवलं… वळून बघायची हिंमत झाली नाही.

स्विचकडे बघतच मी म्हणालो, "सुखदेव… झोन मी पुसले होते."

दिवा विझला. यादीत दोनच स्विच उरले.

मॅडमच्या कंपनीने नोंदी तपासल्या; त्या दिवशी यादीत क्रमांक एक नव्हताच म्हणाले. मॅडम पुन्हा भंडाऱ्याला आल्या नाहीत. आणि मी? खोलीबाहेर पडल्यावर गप्पच बसलो. निवृत्त होईपर्यंत.

मागच्या हिवाळ्यात शेवटी नाकाडोंगरीला गेलो. सुखदेवची बायको अंगणात धान वाळवत होती. सगळं सांगितलं. ती पायाने धान फिरवतच राहिली. मग म्हणाली, "मले मालूम हाय. ते घरी सांगत होते. पण मले कायले सांगता काका? चार लोकायत नाव खराब केलं ना… चार लोकायतच सांगा."

म्हणून इथे लिहितो आहे. हेच रुग्णालयाच्या आजच्या विश्वस्तांनाही लिहून, खाली सही करून पाठवलं आहे.

त्या रिकाम्या पोर्टला काय येऊन लागलं होतं, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. सुखदेवची चूक नव्हती, हे मात्र मला ठाऊक आहे… पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.