तिच्या भिंतीवरचं दुसरं घड्याळ

मी दार सतरा तास आधी बंद केलं.

दार म्हणजे आमच्या सर्व्हरवरची एक सोय. उत्तर ध्रुवाभोवतालचे आठ शेजारी देश आपापल्या किनाऱ्यावर मोजलेली समुद्रावरच्या बर्फाची जाडी तिथून आत टाकायचे आणि त्या सगळ्याचा मिळून एक नकाशा व्हायचा. तो नकाशा करायचं काम माझं. जन्म पुण्याचा, बर्फाशी संबंध गोळेवाल्यापुरता, घर अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरला. पण प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला बर्फ काय आणि बटाटे काय, आकडे ते आकडेच. निदान तेव्हा मला तसं वाटायचं.

दर सोमवारी संध्याकाळी पाच वाजता आठही देशांचा कॉल असे. जेमतेम दहा मिनिटांचा. रशियाच्या पार पूर्वेच्या टोकाला एक बाई होत्या, निवृत्तीला आलेल्या. मनातल्या मनात मी त्यांना मावशी म्हणायचो. आमचा सोमवार संपत आलेला असायचा तेव्हा त्यांच्याकडे मंगळवारची सकाळ उजाडलेली असायची. त्या स्क्रीनवर आल्या की पहिलं वाक्य ठरलेलं. "उद्याहून बोलतेय. इथे सगळं ठीक आहे, या." दर सोमवारी तेच, आणि दर सोमवारी आम्ही हसायचो.

त्यांच्या मागच्या भिंतीवर दोन घड्याळं होती. एक बरोबर चालायचं. दुसऱ्यात जेव्हा बघावं तेव्हा पाच वाजलेले. हे मला फार खुपायचं. शेवटी एकदा मी सगळ्यांसमोर सांगितलं, "मॅडम, डावीकडचं घड्याळ बंद पडलंय. सेल बदलून घ्या." नॉर्वेचे म्हातारे गृहस्थ खोकल्यासारखं काहीतरी करत बाजूला वळले. मावशी एवढंच म्हणाल्या, "चालतंय ते."

त्यांच्याकडे वह्या होत्या. वडील दर आठवड्याला खाडीवरच्या बर्फावर चालत जायचे, भोक पाडायचे, खुणा केलेली काठी आत सोडायचे आणि आकडा वहीत लिहायचे. पेन्सिलीने, कारण शाई गोठायची. वडलांमागे तेच काम त्यांनी केलं. आता महिनाअखेरीला त्या निवृत्त होणार होत्या, त्यांचं ऑफिसही बंद होणार होतं आणि वह्या कुठल्याशा गोदामात जाणार होत्या. त्याआधी पानन् पान आमच्याकडे पोचवायचं एवढी एकच गोष्ट त्यांना हवी होती. मावशी एकेका पानाचा फोटो काढून पाठवत. तिथलं इंटरनेट असं की एक वही पोचायला दीड तास जाई. त्यांनी स्वतःच्या वह्या आधी पाठवल्या. वडलांच्या शेवटी ठेवल्या होत्या. पेन्सिल पुसट झाली होती, म्हणून एकेक पान खिडकीच्या उजेडात धरून फोटो काढावा लागायचा, त्यात दिवस जायचे.

मग युद्ध सुरू झालं. सात देशांनी आठव्याबरोबरचं, म्हणजे रशियाबरोबरचं काम थांबवायचं ठरवलं. माझ्या बॉसने मला बोलावून सांगितलं, "शुक्रवारपर्यंत जे येईल ते घे. मग बंद कर." मी मावशींना कळवलं, शुक्रवारपर्यंत. त्यांचं लगेच उत्तर आलं, "पुरेल. बाबांच्या चारच वह्या राहिल्या आहेत."

कोणाचा शुक्रवार, हे मी लिहिलं नाही. त्यांनी विचारलं नाही.

आता वेळेच्या हिशोबात मी कोणाला ऐकत नाही. पुण्यात असताना पाच वर्षं अमेरिकेच्या घड्याळावर जेवलोय. मावशींचं गाव आमच्या सतरा तास पुढे, उन्हाळ्यात सोळा, हे मी झोपेत सांगेन. तेव्हा मी विचार केला, पाठवणार त्या, तर शुक्रवारही त्यांचाच धरला पाहिजे. त्यांचा शुक्रवार संपतो तेव्हा आमच्याकडे शुक्रवारचे सकाळचे सात वाजलेले असतात. मी चहाचा कप घेऊन बसलो आणि बरोबर सातच्या ठोक्याला दार बंद केलं. बायकोला सांगितलंसुद्धा, "बघ, दुसऱ्याच्या घड्याळाचा मान ठेवणं याला म्हणतात."

खरं कारण वेगळंच होतं. आम्हाला डब्लिनला जायचं होतं, ओहायोतल्या. मित्राच्या नव्या घराची वास्तुशांत शनिवारी होती आणि शुक्रवारी सकाळी निघालो तर ट्रॅफिक लागत नाही. त्यांचा शुक्रवार धरला की माझा अख्खा दिवस मोकळा होत होता. वीकेंड एन्जॉय करायचा म्हणून फोनवरून ऑफिसचा मेलही काढून टाकला. आठच्या आत आम्ही हायवेवर होतो.

सोमवारी लॉग उघडला. शुक्रवारी दुपारी चार वाजून बारा मिनिटांपासून दार ठोठावल्याच्या नोंदी होत्या. बेचाळीस. शेवटची पावणेसहाची. म्हणजे त्यांच्याकडे शनिवारची सकाळ. सुट्टीच्या दिवशी बाई ऑफिसात येऊन बसल्या होत्या. मधे एक मेल होता. "दार उघडत नाही. बहुधा माझंच काहीतरी चुकतंय. तुमच्याकडे अजून शुक्रवारच आहे ना?"

मी बॉसकडे धावलो. म्हटलं, एक तास उघडू या, चूक माझी आहे. बॉस तशी वाईट बाई नाही. म्हणाली, "शुक्रवारीच फोन केला असतास तर मी हो म्हटलं असतं. आज ते माझ्या हातात नाही."

त्या संध्याकाळी कॉल झाला, सात देशांचा. पाच वाजले तरी कोणी सुरुवात करेना. सुरुवात करायची पद्धत मावशींचीच होती ना. शेवटी मी सगळं सांगून टाकलं. नॉर्वेचे म्हातारे म्हणाले, "भिंतीवरचं डावं घड्याळ तुमचं होतं. सर्व्हर तुमच्याकडे, म्हणून सगळं काम तुमच्या वेळेवर करायच्या त्या. आम्हाला वाटलं, सेलचं तू गमतीने बोललास."

पाच वाजता कॉल, म्हणून पाच. सहा वर्षं मी ते बघत होतो.

मी मावशींना तीन मेल केले. पहिल्या दोन्हींना उत्तर आलं नाही, तिसरा परत आला. त्या चार वह्यांचं काय झालं मला माहीत नाही. त्या बऱ्या आहेत का, तेही नाही. नकाशा मी अजून करतो. त्या किनाऱ्याला आता राखाडी रंग आहे, म्हणजे माहिती नाही. तो रंगही मीच निवडला. खाडी आहे, बर्फही धरत असेल. काठी कोणी सोडतं की नाही, कोण जाणे.

इथल्या मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, मी हा किस्सा सांगतो. सेल बदला म्हणालो तिथे लोक खूप हसतात आणि मी तिथेच थांबतो. परवा पुढचंही कुठूनसं ऐकलेले एक काका थांबू देईनात. "मग त्या वह्या?" म्हणाले. मी म्हटलं, "काका, त्या दार ठोठावत होत्या तेव्हा मी हायवेवर होतो. ड्राइव्ह करताना माणूस काय करणार?"

बायको शेजारी वाट्यांमध्ये कढी ओतत होती. मान वर न करता म्हणाली, "हायवेवर कुठे? चारला पोचलो होतो आपण डब्लिनला. ते लोक सामान आणायला गेले होते, म्हणून त्यांच्या बंद दारासमोर तास-दीड तास गाडीत बसून होतो. लॅपटॉप डिकीत होता. तू घोरत होतास."