दुसऱ्या ओळीतला आवाज

हिरव्या मिरच्या भाजल्याचा तो ठसका लावणारा वास आला, की मला न्यू मेक्सिकोतली एक दुपार आठवते. ऐंशीच्या दशकात मी वसईहून नर्स म्हणून त्या वाळवंटी गावात गेले होते आणि कित्येक महिने मराठीचा एक शब्दही कानावर पडला नव्हता. त्या भागासाठी नवा धर्मप्रांत झाला होता आणि पहिले बिशप आमच्या चर्चला येणार म्हणून सगळा गाव अंगणात लोटला होता; एकीकडे मिरच्या भाजत होत्या, दुसरीकडे गिटार वाजत होती, धूळ सगळ्यांच्या ठेवणीतल्या कपड्यांवर बसत होती. बिशप म्हणाले, "आज प्रभूची प्रार्थना आपापल्या भाषेत होऊ द्या." स्पॅनिश झाली, इंग्रजी झाली, मग फादरांनी मला पुढे केलं. मी सुरुवात केली, आणि दुसऱ्याच ओळीला मागून एक भरदार आवाज माझ्या आवाजात मिसळला, अस्सल मराठीत! प्रार्थना संपताच मी धावले. मागे पांढऱ्या केसांचे एक डॉक्टर पत्नीसोबत उभे होते. "काका, तुम्ही कॅथलिक?" मी विचारलं. "छे गं! नगरचा मी, घरी गणपती बसतो. पण मिशनच्या शाळेत ही रोज म्हणायचो. पेशंटनी आग्रह केला म्हणून आज आलो." काकू तर माझा हातच सोडेनात. "रविवारी जेवायला यायचं, पिठलं-भाकरी करते," त्या म्हणाल्या, आणि मला हसता हसता रडू आलं. पुढे माझी मुलगी त्यांच्याच घरी मराठी शिकली. ती अजूनही ठसक्यात नगरी बोलते, आणि वसईची मी ऐकत बसते.