रिकामा बार

चाचा दोन बोटं आमच्या कमरेच्या मणक्यावर टेकवायचे आणि म्हणायचे, "खाली ठेवा." आवाज कधी चढलेला नसे. वजनाचा लोखंडी बार डोक्यावर पोचायच्या आतच बोटं टेकलेली असत.

रियाधमधल्या आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर जिम आहे. चाचा रत्नागिरीकडचे, वय पन्नाशीच्या पुढचं. इकाम्यावर, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यावर, त्यांचा हुद्दा सफाई कामगार असा होता. फरशी पुसून झाली की ते आम्हा आयटीवाल्यांना आणि बँकवाल्यांना उभ्यानं बार डोक्यावर कसा न्यायचा, हे शिकवत.

मला त्यांनी पाच आठवडे रिकामा बार दिला. शेजारी माझ्यापेक्षा किरकोळ माणसं प्लेटा चढवत होती. मी वैतागायचो.

"चाचा, वजन कधी?"

"मनगट मोडतंय तुमचं. बार तळहाताच्या बुडाशी घ्या. कोपर बारच्या जरा पुढं. ढुंगण आवळा."

बँकेतल्या एका मोठ्या साहेबांना मात्र ते "बसायची जागा आवळा" असं म्हणत.

तुम्हीही पाहिलं असेल. वजन जड झालं की माणूस छाती पुढं काढतो आणि कमरेतून मागं वाकतो. बार वर जातो, आरशात रुबाबदारही दिसतो. चाचांना ते बघवत नसे. "वाटेत तोंड येतं, तर तोंड मागं घ्या. कंबर कशाला? बार कपाळाच्या वर गेला की डोकं पुन्हा पुढं."

एवढा हट्ट कशासाठी, असं मी एकदा चिडून विचारलं. तेव्हा कळलं, मदिनेत हॉटेलवर हमाल असताना ते यात्रेकरूंच्या बॅगा बसच्या टपावर चढवत, असंच मागं वाकून. एके दिवशी बसशेजारीच कोसळले. पुढचे तीन महिने नमाज खुर्चीवर बसून, कपाळ जमिनीला टेकवता येईना.

"मदिनेत राहून सजदा नाही," ते म्हणाले आणि बादली उचलून निघून गेले.

मग जिमला नवा मॅनेजर आला. सफाईचं काम त्यानं बाहेरच्या कंपनीला दिलं. चाचांना सांगितलं, ट्रेनरचं सर्टिफिकेट आणा, नाहीतर इकामा पुढं वाढणार नाही. गावी त्यांच्या धाकट्या मुलीचं नर्सिंगचं एक वर्ष बाकी होतं. मी दोन महिने त्यांच्याकडून स्नायूंची इंग्रजी नावं घोकून घेतली. लेखी परीक्षा ते पास झाले.

प्रात्यक्षिकाला मीच गाडीनं नेलं. तासाभरानं ते बाहेर आले, नापास. समोर उभ्या केलेल्या माणसाकडून दहा वेळा बार उचलून घ्यायचा होता. तिसऱ्या वेळी त्याची कंबर वाकली. चाचांनी त्याला थांबवलं, प्लेटा उतरवल्या, पाय नीट लावून घेतले. परीक्षक "यल्ला, यल्ला" म्हणत घाई करत राहिला. वेळ संपली तेव्हा मोजणी सहावर होती.

"पाच मिनिटं डोळे झाकायचे होते, चाचा!" मी गाडीत ओरडलो. "पाच मिनिटं!"

"आणि पाठ त्याची, भाऊ? तो तर तिथं रोज उभा राहतो."

माझा राग गेला नाही. सिग्नलला मी विनाकारण हॉर्न वाजवला. ते शांतपणे कमरेचा पट्टा सैल करून बसले होते.

पुन्हा परीक्षा देण्याइतकी इकाम्याची मुदत उरली नव्हती. महिन्याभरात ते फायनल एक्झिटवर, म्हणजे कायमचे, गावी गेले.

नव्या ट्रेनरचं सर्टिफिकेट आता आरशाशेजारी फ्रेममध्ये आहे. काल आमच्या फायनान्समधला एक सहकारी जड बार घेऊन धनुष्यासारखा मागं वाकला होता. ट्रेनर मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढत मोजत होता, सेव्हन, एट.

"कंबर वाकतेय," मी म्हटलं.

सहकाऱ्यानं बार खांद्यावर टेकवला आणि धापा टाकत विचारलं, "तुमच्याकडं सर्टिफिकेट आहे का?"

नाही, म्हटलं. त्यानं उरलेले दोन पूर्ण केले.